झाकणावरचा शब्द

आमच्या घरात इंग्रजी आलं ते माझ्यामुळे, आणि ही गोष्ट आईने ज्याला सांगितली नाही असा माणूस आमच्या गल्लीत शोधून सापडला नसता. भाजीवाली, शिंपी, घरमालक, वरच्या मजल्यावरची ठार बहिरी आजी, सगळ्यांना ठाऊक होतं की पक्कीबाईची मुलगी इंग्रजी घेऊन पदवीधर झाली आणि आता आईच्याच कारखान्याच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. बहिऱ्या आजीला तर आईने ते दोनदा ओरडून सांगितलं होतं, त्यामुळे ज्यांच्या कानावर जायचं राहिलं होतं त्यांनाही कळलं.

पक्कीबाई हे आईचं कारखान्यातलं नाव. कारखाना सूत रंगवण्याचा. आई तिथे सव्वीस वर्षं रंगखात्यात होती आणि रंग पारखायचं काम तिचं. भट्टीतून निघालेल्या सुतावर ती ओलं पांढरं फडकं घासायची. फडक्याला डाग लागला तर सूत परत आत. नाही लागला तर ती एकच शब्द बोलायची, "पक्का", आणि मगच माल पुढे सरकायचा. रंगाच्या बाबतीत तिने कधी कोणाची भीडभाड ठेवली नाही. मालक स्वतः उभे असले तरी डाग तो डाग. मी लहानपणापासून तिची बोटं बघत आले; सोमवारी निळी, बुधवारी तपकिरी, शनिवारी कसल्याच एका रंगाची नाहीत.

त्या वर्षी मालकांनी परदेशातून एक यंत्र आणवलं. नवं नव्हे, तिकडच्या कुठल्याशा गिरणीने वापरून काढून टाकलेलं; पण आमच्यासाठी नवलाईचंच. माणसाहून उंच, पोलादी, गोल पोटाचं. आत सुताची रिळं रचायची, रंगाचं पाणी सोडायचं, वर जाडजूड झाकण ठेवायचं आणि पाणी उकळीच्याही वर तापवायचं. इतकं तापलेलं पाणी वाट मिळेल तिथून उसळून बाहेर पडायला बघतं. त्याला आत दाबून धरायचं काम त्या झाकणाचं आणि झाकणाच्या कडेने बसवलेल्या आठ बोल्टांचं. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याला नाव दिलं: रांजण.

रांजणाबरोबर छत्तीस पानांची एक पुस्तिका आली होती. जागोजागी तेलाचे डाग आणि सगळी इंग्रजीत. मालकांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

"हे आपल्या भाषेत करून दे," ते म्हणाले. "आधी झाकणाचं पान. तेवढं फलकावर लिहून भिंतीला लावू, म्हणजे काम सुरू करता येईल. बाकीचं सावकाश."

ते पान मी एका दुपारीत हातावेगळं केलं. खरं सांगायचं तर मला ते अगदीच सोपं वाटलं. अवघड शब्द मी कोशात पाहिले. सोपे कशाला पाहायचे? 'फास्ट' हा शब्द त्या पानावर तीनदा आला होता. फास्ट म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पहिल्या ठिकाणी मी लिहिलं, 'तापवण्यापूर्वी झाकण जलद असावे.' ते कानाला बरं लागेना, म्हणून 'जलद लावावे' केलं. दुसऱ्या ठिकाणी बोल्ट तपासायला सांगितले होते. तिथे लिहिलं, 'आठही बोल्ट जलद फिरतात याची खात्री करावी.' तिसऱ्या ठिकाणी इशारा होता, झाकण तसं नसेल तर यंत्र चालू करू नये. मी लिहिलं, 'झाकण लावण्यास विलंब झाल्यास यंत्र चालू करू नये.' विलंब हा शब्द सुचला म्हणून मी स्वतःवरच खूश झाले आणि एक जादा चहा मागवला.

पेंटरने निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ते उतरवलं आणि फलक रांजणाच्या मागच्या भिंतीवर चढला. आई चौथीपर्यंत शिकलेली. ती फलकासमोर उभी राहिली आणि बोट हवेत फिरवत एकेक अक्षर लावून तिने तो पुरा वाचला. मग आजूबाजूला बघून म्हणाली, "माझ्या मुलीने लिहिलाय." हे तिने त्या दिवशी किती जणांना सांगितलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण गोदामातल्या हमालानेसुद्धा मला थांबवून "ताई, अक्षर छान आहे हो तुमचं" असं म्हटलं. अक्षर पेंटरचं होतं.

रंगखात्याचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, माणूस म्हणून वाईट नव्हते पण घायकुते. जेवायचे तेसुद्धा उभ्याने, डबा खिडकीत ठेवून. त्यांना तो फलक फारच पटला. त्यांनी चार जणांची तुकडी नेमली. प्रत्येकाकडे दोन बोल्ट. आई त्या चौघांत होती. मास्तर हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे आणि "चला!" म्हणायचे. पहिल्या दिवशी झाकण लागायला चार मिनिटं गेली. मास्तरांनी बोल्टांना तेल पाजायला लावलं. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी बाकीचे तिघे दोन फेरे फिरवून मोकळे व्हायचे आणि आई एकटी लोखंडी दांडा घालून आपले बोल्ट आवळत बसलेली असायची.

"पक्कीबाई, सगळी गाडी तुमच्यापाशी अडतेय," मास्तर म्हणाले. "फलक वाचलात ना? विलंब झाल्यास यंत्र चालू करू नये. आणि तुमच्याच लेकीने लिहिलंय!"

सगळे हसले. आईही हसली. आणि तिने आपले फेरे कमी केले.

हे मला नंतर कळलं आणि त्या सबंध प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. सव्वीस वर्षं मालकांचंही न ऐकणारी बाई, तिने आपल्या हाताला जे कळत होतं ते बाजूला ठेवलं, कशासाठी, तर मी लिहिलं होतं म्हणून.

आठवडाभर कामगार रांजणात नुसतं गार पाणी फिरवून बघत होते. पहिल्यांदा तापवायचं ते सोमवारी, मालकांच्या समोर.

शनिवारी संध्याकाळी आई घरी आली. मी टेबलाशी बसले होते. तिने पिशवीतून आपलं पांढरं फडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. ओलं होतं.

"हे काय?"

"झाकणाच्या कडेवरून फिरवलं. बघ."

"पाणी आहे."

"गार पाणी. अजून त्याला काही जोर नाही, नुसतं आत गोल फिरतंय, तरी बाहेर झिरपतंय. परवा ते तापणार."

"मास्तरांना सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हणाले, लोखंड तापलं की फुगतं, आपोआप बसेल."

"मग बसेल," मी म्हटलं.

आई समोर बसली आणि म्हणाली, "एक विचारू? तू फलकावर जलद लिहिलंयस. पुस्तकात तिथे कुठला शब्द आहे?"

"फास्ट."

तिने झटकन मान वर केली. "फास्ट? मग जलद कशाला लिहिलंस?"

"अगं, फास्ट म्हणजे जलदच."

"फास्ट म्हणजे पक्का."

मला हसू आलं. आई हसली नाही. "सव्वीस वर्षं मी त्या शब्दाचा शिक्का मारतेय," ती म्हणाली. "रंग टिकला की चिठ्ठीवर तो शिक्का. चार अक्षरं. मला इंग्रजीतली तेवढीच येतात. धावत सुटणाऱ्या रंगावर कोण शिक्का मारेल?"

"तो रंगाचा फास्ट, आई. हा झाकणाचा. वेगळा आहे."

"अक्षरं तीच?"

"तीच."

"मग शब्द वेगळा कसा?"

मी चिडले. "तुला इंग्रजी येतं का मला?" मी म्हटलं.

"तुला," आई म्हणाली. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. ती उठली, फडकं धुतलं, पिळलं, झटकून दोरीवर टाकलं आणि स्वयंपाकाला लागली.

मी पुस्तिका काढून ते पान परत वाचलं. यावेळी कुठलीही घाई न करता. तेव्हा लक्षात आलं की मूळ वाक्यात झाकण 'लावावे' असं नव्हतंच. झाकण तसं 'असावे' असं होतं. आता झाकण जलद कसं असेल? ते काय घोडा आहे? हीच गाठ मला पहिल्या दिवशी लागली होती, आणि कानाला बरं लागेना म्हणून मीच ती कापून टाकली होती.

रविवारी सकाळी वाचनालय उघडायच्या वेळी मी निघाले. आई भांडी पुसत होती.

"चलतेस?"

"मी तिथे येऊन काय करू?"

"तुझाच शब्द आहे," मी म्हटलं.

तिने साडी बदलली.

वाचनालयात चार लांब टेबलं, भिंतीला कपाटं आणि दारापाशी ग्रंथपाल. कायम कपाळावर चष्मा आणि कायम चष्म्याच्या शोधात. मी त्यांच्याकडे इंग्रजीचा मोठा कोश मागितला.

"कुठला शब्द?"

"फास्ट."

"त्याला मोठा कोश कशाला? छोटा देतो. छोटाही नको, मी सांगतो."

"छोटा माझ्या घरी आहे," मी म्हटलं. "आणि सांगायला मीच आमच्या कारखान्यात सांगून बसलेय."

त्यांनी खांदे उडवले आणि दोन्ही हातांनी तो ठोकळा आणला. पान काढलं, कपाळावरचा चष्मा सापडल्यावर नाकावर आला, आणि ते वाचायला लागले. वाचता वाचता त्यांनी पायाने खुर्ची ओढली आणि बसले. "तुम्हीही बसा," ते म्हणाले. "हे लवकर संपणारं नाही."

पहिलाच अर्थ होता: घट्ट बसलेलं, हलत नाही असं.

मी आईकडे बघितलं नाही. माझे कान तापले होते.

"गंमत आहे," ग्रंथपाल म्हणाले. "जुना अर्थ हाच. घट्ट. जलद हा नंतर आलेला दिसतो. म्हणजे बघा, आधी घट्ट, मग नेटाने, जोर लावून. जोर लावून धावणारा पुढे जातो, म्हणून त्याला फास्ट म्हणायला लागले, आणि मग जोर राहिला बाजूला, वेग तेवढा उरला."

"मूळ मालक बाहेर आणि भाडेकरू घरात," आई म्हणाली.

ग्रंथपालांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. त्यानंतर ते माझ्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बोलायला लागले. ते एकेक उदाहरण वाचायचे, मी तोडकामोडका अर्थ सांगायचे, आणि आई त्यावर आपला शब्द ठेवायची. एकदम नाही. आधी ती डोळे बारीक करायची, जणू सुताचं रीळ उजेडात धरलंय.

"झोपेला हाच शब्द लावतात," मी म्हटलं. "घट्ट झोप."

"गाढ."

"मैत्रीला."

"जिवाभावाची."

"चाक चिखलात, नाहीतर दार चौकटीत अडकून बसलं तर."

"गच्च. दार गच्च बसतं."

"घड्याळालाही."

"ते पुढे जातं. घड्याळाला मात्र तुझा जलदच लागला की."

"आणि उपास," ग्रंथपाल म्हणाले. "उपासालाही हाच शब्द. तोही त्याच मुळाचा, निश्चय घट्ट धरायचा म्हणून."

"म्हणजे झाकणाने उपास धरायचा," आई म्हणाली. "आत काही घ्यायचं नाही, बाहेर काही सोडायचं नाही."

ग्रंथपाल इतके मोठ्याने हसले की कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने त्यांनाच शांततेची पाटी दाखवली.

मग मी कागद घेतला. फलकावरची तीन वाक्यं नव्याने लिहायची होती. मी लिहिलं, 'झाकण घट्ट असावे.' आईला वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

"काय झालं? घट्टच ना?"

"घट्ट कोणाचं? मास्तरांचं घट्ट म्हणजे दोन फेरे. माझ्या शेजारी उभा असतो त्या दाढीवाल्याचं घट्ट म्हणजे त्याचा हात दुखेपर्यंत, आणि त्याचा हात लगेच दुखतो. प्रत्येकाचं घट्ट वेगळं असतं. असं लिही की वाचणाऱ्याला स्वतःचं डोकं चालवायला जागाच राहू नये."

"मग काय लिहू?"

तिने हवेत दांडा धरल्यासारखी मूठ वळली आणि टेबलावर वाकून दोन्ही हातांनी ओढल्यासारखं केलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात थांबले. "दांडा पुढे सरकेनासा होईपर्यंत," ती म्हणाली. "आणि मग समोरासमोरचा बोल्ट. ओळीने नाही आवळायचे, नाहीतर झाकण एका बाजूला कलतं. आणि शेवटी कडेवरून कोरडं फडकं फिरवायचं. ओलं झालं तर पुन्हा पहिल्यापासून."

मी जसंच्या तसं लिहून घेतलं. त्यातलं अर्धं पुस्तिकेत पुढच्या पानावर होतं, जे मी अजून वाचलंही नव्हतं.

परत येताना आई म्हणाली, "उद्या मी बोलते. गळती दिसली म्हणते, आधी नीट आवळू या म्हणते. फलकाचं नाव काढायचं नाही. तो तू दोन दिवसांनी हळूच बदलून टाक."

"का?"

"लोकांत तुझं नाव आहे."

ते नाव कोणी केलं होतं? तिनेच, दारोदार जाऊन. तिला ते जपायचं होतं. पण मनात माझं ठरलं होतं.

सोमवारी सकाळी रांजणाभोवती तीसेक माणसं जमली होती. मालक इस्त्रीच्या शर्टात. मास्तर घड्याळ घेऊन. फिटर यंत्रात वाफ सोडायच्या चाकावर हात ठेवून. झाकण लागलं, पंचेचाळीस सेकंदांत, आणि मास्तरांनी अभिमानाने मालकांना घड्याळ दाखवलं. फिटर चाक फिरवणार तेवढ्यात आईने पाऊल पुढे टाकलं. मी तिच्याआधी बोलले.

"थांबा. फलक चुकलाय."

मास्तर वैतागले. "शुद्धलेखन नंतर बघू हो."

"शुद्धलेखन नाही. शब्द चुकलाय. पुस्तकात झाकण जलद लावा असं कुठेच नाही. पक्कं आवळा असं आहे. मी चुकीचं लिहिलं आणि तुम्ही सगळे आठवडाभर त्याप्रमाणे वागलात. चूक माझी आहे."

फिटरचा हात चाकावरच थांबला.

"एका शब्दासाठी यंत्र थांबवायचं?" मास्तर म्हणाले.

मालकांनी फलकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू इंग्रजीची पदवीधर ना?"

"हो."

"मग?"

"हा शब्द मला आला नाही," मी म्हटलं. "माझ्या आईला येतो."

तीस माना वळल्या. आई फडकं हातात घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता. रागाने की कशाने ते मला त्या क्षणी कळेना.

"काय हो?" मालकांनी तिला विचारलं.

"फास्ट म्हणजे पक्कं," आई म्हणाली. "पण माझं ऐकू नका. त्यालाच विचारा." तिने रांजणाकडे बोट दाखवलं. "तापवू नका. गार पाण्यावरच जोर देऊन बघा."

फिटर चाकावरचा हात काढून म्हणाला, "हातपंप आहे. दहा मिनिटांचं काम. बाई बोलतायत त्यात तथ्य आहे."

मालकांनी मान डोलावली.

पंप जोडला. फिटर दांडी वरखाली करायला लागला आणि रांजणाच्या पोटावरचा काटा एकेक घर चढू लागला. लागणाऱ्या दाबाच्या निम्म्यावरही तो गेला नव्हता, तोच झाकणाखालून सापासारखा आवाज आला. "मागे व्हा," आई म्हणाली, आणि पुढच्या क्षणी कडेतून पाण्याचं पातं सुटलं. पातंच, पत्र्यासारखं चपटं. ते मास्तरांच्या छातीवर बसलं, मालकांच्या शर्टावरून गेलं आणि पलीकडच्या भिंतीवर आदळून फलकावरून खाली ओघळलं. मास्तर दोन पावलं मागे जाऊन मटकन बसले.

कोणी हसलं नाही. पाणी गार होतं. प्रत्येकाच्या मनात एकच आलं असणार, की आणखी तासाभराने ते गार नसतं. मास्तर बसल्या जागी आपल्या ओल्या छातीवरून हात फिरवत होते, पुन्हा पुन्हा, कातडी जागेवर आहे की नाही ते बघावं तसा.

"आता पक्कीबाईंच्या पद्धतीने लावा," मालक म्हणाले.

आईने चौघांना जागा नेमून दिल्या. समोरासमोरचे बोल्ट, आधी हलके, मग दांडा घालून. ती गोल फिरत प्रत्येकाच्या दांड्यावर हात ठेवून बघत होती. दाढीवाल्याला तिने तीनदा पुन्हा ओढायला लावलं. कोणीही घड्याळ बघत नव्हतं. मग पंप. काटा निम्म्यावर गेला, पाऊणावर गेला, लागणाऱ्या खुणेवर गेला. फिटरने आणखी दोन घरं जादा चढवली. आईने फडकं घेतलं आणि झाकणाच्या कडेवरून सावकाश एक पूर्ण फेरी मारली. उलटून पालटून बघितलं. मालकांसमोर धरलं. मालकांनी ते हातात घेऊन बोटांनी चाचपलं.

"कोरडं," ते म्हणाले.

तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्यात टाळ्या मी त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या. माझा ऊर इतका भरून आला की मीही वाजवत होते आणि मला ते कळतही नव्हतं.

दुपारी मालकांनी मला बोलावलं. मी मनाची तयारी करूनच गेले होते. उद्यापासून येऊ नको म्हणाले तरी रडायचं नाही. त्यांनी शर्ट बदलला होता.

"पुस्तिकेची किती पानं राहिलीत?"

"पस्तीस."

"एकटीने करू नकोस. रोज तीन ते चार आईला इकडे बसवून घे. मास्तरांना मी सांगितलंय. आणि भिंतीवर काही लावण्याआधी ज्यांना ते वापरायचंय त्यांना वाचून दाखवायचं. हे मलाही सुचायला हवं होतं."

बाहेर मास्तर उभे होते. कोणाचा तरी ढगळ सदरा घालून. ते म्हणाले, "तुझ्या शब्दात चूक होती, पण झाकण भरभर लावून कोणाचं भलं होणार, हा प्रश्न मला तरी पडायला हवा होता की नाही?" मग जरा घुटमळून म्हणाले, "पक्कीबाईंना सांग, आज त्यांच्यामुळे मी धडधाकट घरी चाललोय."

"तुम्हीच सांगा ना."

ते गेले आणि त्यांनी सांगितलं. मी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं. आईने हात झटकून काहीतरी म्हटलं आणि दोघेही हसले.

संध्याकाळी आम्ही बरोबरच घरी निघालो. मी वाट बघत होते, ती रागावेल म्हणून. सगळ्यांसमोर मी स्वतःला कमी दाखवलं होतं, तिने इतकी वर्षं रचलेलं नाव एका वाक्यात उतरवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी शिंपी भेटला, आणि ती थांबली.

"ऐकलंत का?" ती म्हणाली. "माझी मुलगी आज तीस माणसांसमोर, मालकांच्या तोंडावर, म्हणाली की मी चुकले. कोणी विचारलं नव्हतं, कोणी पकडलं नव्हतं. आपण होऊन. तुमच्या बघण्यात आहे का असा कोणी?"

शिंप्याच्या बघण्यात नव्हता. भाजीवालीच्याही नव्हता. वरच्या मजल्यावरच्या आजीला ते कळायला बराच वेळ लागला. आधी तिला वाटलं मला कामावरून काढलं, आणि ती आईचं सांत्वन करायला लागली. मी लाजेने चूर होऊन जिन्यात उभी होते, आणि तरी मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

मग मीही सुरुवात केली. ऑफिसात कोणीही आलं, पत्र द्यायला, माल बघायला, की मी त्यांना तो फलक दाखवायला नेऊ लागले. 'दांडा पुढे सरकेनासा होईपर्यंत आवळावा.' हे वाक्य माझ्या आईचं, असं मी सांगायचे. त्यांनी विचारलेलं नसलं तरी सांगायचे.

पुस्तिका पुरी करायला आम्हाला साडेतीन महिने लागले. मालकांनी ती छापून घेतली आणि पहिल्या पानावर आम्हा दोघींची नावं घातली, आधी आईचं. तसंच यंत्र घेतलेल्या दुसऱ्या एका कारखान्याचा माणूस येऊन प्रत घेऊन गेला, आणि महिन्याभरात परत आला, यावेळी आपल्याकडच्या एका वेगळ्या यंत्राचं जाडजूड पुस्तक काखोटीला मारून. "त्या दोघी करून देतील का?" त्याने मालकांना विचारलं.

त्या पुस्तकाच्या तिसऱ्याच पानावर आम्ही अडलो. शब्द अगदी साधा होता, 'चार्ज', रोज कानावर पडणारा. पूर्वी मी तो न बघताच पुढे गेले असते. आता मी कोश उघडला. पानभर अर्थ. शुल्क, आरोप, हल्ला, ताबा, वीज.

आईने चहाचा कप बाजूला सरकवला. "अर्थ राहू दे," ती म्हणाली. "चित्र दाखव. तिथे उभा असलेला माणूस हाताने काय करतोय?"

मी पुस्तक तिच्याकडे वळवलं. ती चित्रावर वाकली. चित्रातल्या माणसाने धरले होते तसेच हात तिने धरले, पुढे नेले, खाली केले, परत वर घेतले.

"भरतोय," ती म्हणाली. "एकेक करून, तळापासून वर, रचून भरतोय."

मी लिहायला घेतलं.